वाऱ्यावर सोडलेलं इंजिन

फोक्सवॅगनच्या जुन्या व्हॅनमध्ये जे इंजिन बसतं, ते व्हॅनसाठी आखलेलंच नव्हतं. फर्डिनांड पोर्शेच्या कचेरीत फ्रान्झ राइमश्पीसने 1930 च्या दशकात ते बेतलं ते एका स्वस्त घरगुती मोटारीसाठी, पुढे ‘बीटल’ म्हणून जगभर पोचलेल्या गाडीसाठी. युद्धानंतर वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यात सामान हलवायला बीटलच्याच सुट्या भागांतून एक उघडी गाडी जुळवलेली होती. बेन पोन या डच व्यापाऱ्याने ती पाहिली आणि 23 एप्रिल 1947 रोजी वहीत एक डबा रेखाटला: पुढे ड्रायव्हर, मागे इंजिन, मध्ये माल. मार्च 1950 मध्ये त्या डब्याचं उत्पादन सुरू झालं. इंजिन 1131 सीसीचं, ताकद जेमतेम 25 अश्वशक्ती, आणि पाठीवर पाऊण टनाचा बोजा. चढ जमावा म्हणून मागच्या चाकांपाशी जादा गिअर घालावे लागले.

याच इंजिनाचं आणखी एक गिऱ्हाईक हॅम्बुर्गला होतं. तिथल्या टेम्पो कारखान्याची 1949 ची मॅटाडोर फोक्सवॅगनच्या इंजिनावर चालायची. 1952 मध्ये वोल्फ्सबुर्गने पुरवठा थांबवला. पुढे 1958 मध्ये बजाज टेम्पो उभी राहिली ती याच हॅम्बुर्गकरांच्या सहकार्याने. आपल्या रस्त्यांवरच्या मॅटाडोरचं नाव तिथलं, इंजिन मात्र पाण्यावर थंड होणारं डिझेलचं. तेव्हा पुण्याच्या जुन्या मेस्त्रीला मॅटाडोर तोंडपाठ असली, तरी या इंजिनापुढे त्याला पहिल्यापासूनच सुरुवात करावी लागेल.

रेडिएटर नाही, पाण्याचा पंप नाही, होजपाइप नाही. समोरासमोर आडवे झोपवलेले चार सिलेंडर, प्रत्येक सुटा, बिडाचा, अंगभर फिना असलेला. वर पत्र्याचं मोठं आवरण आणि त्यात डायनॅमोच्याच दांड्यावर बसवलेला पंखा. पंखा वरून थंड हवा ओढतो, पत्रे ती फिनांमधून खाली दाबतात, तापलेली हवा गाडीखालून निघून जाते. इंजिनाच्या कडेने फिरणारी रबराची पट्टी वरची थंड हवा आणि खालची गरम हवा यांची गाठ पडू देत नाही. पट्टा तुटला की डायनॅमो आणि पंखा एकदमच थांबतात. म्हणून चार्जिंगचा लाल दिवा पेटला की गाडी तिथल्या तिथे उभी करायची.

पंखा इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो, बोज्यावर नाही. भरलेली व्हॅन वरच्या गिअरमध्ये कण्हत चढ चढते तेव्हा उष्णता सर्वात जास्त आणि वारा सर्वात कमी. साठ-सत्तरच्या दशकांत इस्तंबूल, तेहरान, काबूल, खैबर करत गोव्याच्या किनाऱ्यावर उतरलेल्या हिप्पींच्या व्हॅन याच हिशेबाने चालवाव्या लागत. गिअर वेळेत खाली टाकणारा गोव्याला पोचे. इतरांना वाटेत इंजिन उतरवावं लागे.

त्यात तिसऱ्या सिलेंडरचं नशीब खोटं. 1970 पर्यंत ऑइल कूलर आवरणाच्या आतच उभा असे, नेमका त्या बाजूच्या हवेच्या वाटेत. कूलरने तापवलेली हवा तिसऱ्याच्या वाट्याला यायची. तापून थकलेल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं डोकं तुटून पिस्टनमध्ये घुसलं, ही तक्रार आली की जाणकार आधी तिसऱ्याचंच हेड काढतात. 1971 च्या मॉडेलपासून कूलर त्या वाटेतून बाजूला काढून त्याला हवेची स्वतंत्र वाट दिली. जुन्या इंजिनालाही हे नंतरचं आवरण बसवता येतं. त्यावर केलेला खर्च मला क्रोमच्या कुठल्याही झगमगाटापेक्षा शहाणपणाचा वाटतो.

अशा इंजिनाचं काम काढायचं की नाही, हे ते न उतरवताही बरंचसं कळतं. क्रँकची पुली दोन्ही हातांनी धरून मागे-पुढे ओढून बघायची. ठक् ठक् असा खेळ हाताला लागला तर घरचं काम नाही. मॅग्नेशियमच्या केसमधली बेअरिंगची जागाच हेलपाटून मोठी झालेली असते. मग यंत्रशाळेत ती भोकं एका रेषेत पुन्हा कोरून घ्यायची आणि वाढीव मापाची बेअरिंगं घालायची. मॅग्नेशियम हलकं, पण मऊ. सिलेंडर आवळून धरणारे लांब स्टडही त्यातून आटे ओरबाडून बाहेर येतात, म्हणून तिथे पोलादी आट्यांची पुंगळी बसवून घेणं बरं.

बांधणीत एक चूक फार महाग पडते. क्रँकच्या गिअरवर दोन ठिपके असतात, कॅमच्या गिअरवर एक; तो एक त्या दोघांच्या मध्ये यायला हवा. चुकलं तर केस मिटवल्यावर काही दिसत नाही. केसच्या दोन अर्ध्यांमध्ये गॅस्केट नसतं, फक्त सीलंटचा पातळ थर. तो बेअरिंगच्या जागी गेला की मापं बिघडली. केसमधली छोटी पिन बेअरिंगच्या भोकात बसली नसेल, तर नट आवळताना बेअरिंग चेपतं. म्हणून थोडं आवळायचं, क्रँक हाताने फिरवायचा, पुन्हा आवळायचं. क्रँक अडला की पुढे जायचं नाही, उघडायचं.

सगळ्यात निवांतपणे करायचं काम म्हणजे क्रँकचा लांबीतला खेळ. तो 0.07 ते 0.13 मिलिमीटर असावा लागतो आणि फ्लायव्हीलमागच्या तीन पातळ चकत्यांनी ठरतो. आधी ऑइल सीलशिवाय दोनच चकत्या घालून फ्लायव्हील चढवायचं, डायल गेज लावायचा, क्रँक मागे-पुढे ढकलून काटा वाचायचा. समजा 0.42 आलं. त्यातून हवा असलेला 0.10 चा खेळ वजा केला, उरले 0.32. तिसरी चकती तेवढी जाड. मग तिन्ही चकत्या, सील आणि फ्लायव्हील चढवून मधला मोठा नट 300 न्यूटन-मीटरच्या पुढे आवळायचा. त्यासाठी लांब पाइप, फ्लायव्हील अडवून धरणारी पट्टी आणि वजनदार मित्र, तिन्ही लागतात.

हे सगळं घरी जमू शकतं, असा विश्वास अमेरिकेत एका पुस्तकाने दिला. जॉन म्यूर हा लॉकहीडची नोकरी सोडलेला इंजिनिअर. 1969 मध्ये त्याने ‘हाऊ टू कीप युअर फोक्सवॅगन अलाइव्ह’ काढलं, पीटर आशवांडेनच्या चित्रांसह. पाना कधी हातात न धरलेला माणूसही वाचक म्हणून त्याने गृहीत धरला. त्यानंतरच्या कितीतरी जाड आणि अचूक मॅन्युअलांना ही माया साधली नाही. सुट्या भागांची सोय मात्र ब्राझील आणि मेक्सिकोच्या उशिरापर्यंतच्या उत्पादनानेही टिकवली: मेक्सिकोतली बीटल 2003 मध्ये थांबली, ब्राझीलची कोंबी (या व्हॅनचं तिथलं नाव) 2005 अखेरपर्यंत हवेवरच थंड होत होती. पाण्यावर थंड होणारी कोंबी तिथे 2013 पर्यंत निघाली.

आता गाडी घ्यायला निघालेल्यांसाठी. ‘इंजिन नवीन बांधलंय’ म्हणत विक्रेता बेअरिंगांची बिलं दाखवतो. बिलं बघून घ्यावीत, पण आधी मागचं झाकण उघडून पत्रे मोजावेत. इंजिनाभोवतीची रबराची पट्टी कुजली आहे का, सिलेंडरखालचे हवा वळवणारे छोटे पत्रे आहेत का, आवरणातल्या झडपा आणि त्यांचा थर्मोस्टॅट जागेवर आहे का? ‘थर्मोस्टॅट लागतच नाही आपल्याकडे’ म्हणून तो फेकून देणारे मेस्त्री सगळ्या देशांत भेटतात. त्याचबरोबर आतले छोटे पत्रेही भंगारात गेले असतील, तर किंमत ठरवताना इंजिनाचं काम अजून व्हायचं आहे असं धरूनच बोलावं.