समूहाने सायकल चालविताना

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ साली झाली आणि त्यानंतर पिंपरी-चिंचवडच्या माळावर जे कारखाने उभे राहिले, त्यांच्या फाटकांतून पाळी सुटताच सायकलींचे लोंढे बाहेर पडत. आज भोसरी, मोशी, चाकण या गावांवरून जाणाऱ्या पुणे-नाशिक महामार्गावर रविवारी पहाटे सायकलींचे जथे पुन्हा दिसतात, ते मात्र हौशी स्वारांचे. आणि त्यांच्या लगतच धावत असतात नव्या मोटारी वाहून नेणारे अजस्र कंटेनर.

जथ्यात पुढच्याच्या आडोशाने चालणाऱ्यास वाऱ्याचा विरोध कमी होतो, वेग बऱ्यापैकी असल्यास श्रमाचा सुमारे पाव हिस्सा वाचतो. परंतु हा लाभ घेताना तो आपले डोळे पुढच्याच्या स्वाधीन करतो. म्हणून खड्डा, वाळू वा गतिरोधक दिसताच पुढच्याने हाताने आणि खड्या आवाजात इशारा द्यावयाचा, ब्रेक अकस्मात दाबावयाचा नाही. आणि मागच्याने आपले पुढचे चाक पुढच्या सायकलच्या मागच्या चाकाशेजारी नेऊन ठेवावयाचे नाही, कारण दोन चाके घासली की पडतो तो बहुधा मागचाच.

खरी खबरदारी घ्यावयाची ती चौकात. चाकणच्या तळेगाव चौकात कंटेनर डावीकडे वळू लागला, की त्याची मागची चाके पुढच्या चाकांचा माग सोडून वळणाच्या आतल्या अंगाने सरकतात, आणि नेमक्या त्याच अंगाला केबिनच्या लगत जे असते ते चालकास आरशातही पुरते दिसत नाही. एकटा स्वार अशा वेळी थबकतो. जथ्यातला मात्र पुढचे गेले म्हणून आपणही निघतो. वळणाऱ्या अवजड वाहनाच्या डावीकडे कोणीही शिरू नये, मग जथा तुटला तरी बेहत्तर.

वीस-पंचवीस जणांची अखंड रांग इतर वाहनांना ओलांडता येत नाही. सहा-आठ जणांच्या तुकड्या कराव्यात व दोन तुकड्यांत गाडी मावेल एवढे अंतर सोडावे. तुकोबांची पालखी देहूहून आकुर्डीस येते तेव्हा दिंड्या आपापला क्रम राखूनच चालतात. हा दंडक या मुलखाला परका नाही.

आणि रस्त्याच्या कडेने, हँडलला डबा अडकवून, अंधुक उजेडात कामावर निघालेल्या कामगारास घंटा वाजवून बाजूला सारण्याचा अधिकार हौशी जथ्यास मुळीच नाही. त्याचा त्या रस्त्यावरील हक्क आपल्याहून जुना आहे. पुढे कोण, अखेरीस कोण आणि इशारे कोणते, एवढे ठरवूनच प्रत्येक जथ्याने पॅडलवर पाय ठेवावा, ही आग्रहाची विनंती.