पेज हलकी, पण पुरेशी आहे का?

नागपूरहून रायपूरकडे जाणारा महामार्ग गोंदिया जिल्ह्यात कोहमारा येथून जातो. पूर्वी त्याचा क्रमांक ६ होता, आता ५३ आहे. हा सगळा धानाचा मुलूख. त्यामुळे घरात कोणी आजारी पडले, की चुलीवर पहिल्यांदा चढते ती तांदळाची पेज. ताप असो की बिघडलेले पोट, पेज पचते हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे.

आता समजा, या भागातील एखादी व्यक्ती नागपुरात वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून चार-पाच दिवसांनी घरी परतली. घरचे प्रेमाने पेजेची वाटी पुढे करतात. ही वाटी योग्य आहे का? 'हो' आणि 'नाही' अशी दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. ती कशी, हे आपण पाहू.

शस्त्रक्रियेत काय होते?

महाराष्ट्रात या शस्त्रक्रियेचे नाव घरोघरी पोहोचले ते २०१७ साली. त्या वर्षी मार्च महिन्यात मुंबईच्या सैफी रुग्णालयात इजिप्तच्या एमान अहमद यांच्यावर ती झाली. शस्त्रक्रियेआधी त्यांना द्रव आहारावर ठेवून वजन उतरवण्यात आले होते. हे उदाहरण अगदी टोकाचे होते. पण मधुमेह, रक्तदाब, झोपेत श्वास अडकणे असे विकार असलेल्या अतिलठ्ठ व्यक्तींवर अशा शस्त्रक्रिया आता मोठ्या शहरांत नेहमी होतात.

आपले जठर म्हणजे स्नायूंची पिशवी. भरपूर जेवल्यावर तिच्यात लिटर-दीड लिटर अन्न मावते. एका प्रकारच्या शस्त्रक्रियेत या पिशवीचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची, साधारण शंभर-दीडशे मिलिलिटरची नळी उरते. दुसऱ्या प्रकारात जठराच्या वरच्या टोकाला सुमारे ३० मिलिलिटरचा लहान कप्पा करून तो थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. तीस मिलिलिटर म्हणजे चहाचे सहा चमचे!

कापलेल्या कडा बारीक धातूच्या टाक्यांनी जोडलेल्या असतात. त्या भरून येईपर्यंत त्यांच्यावर ताण पडता कामा नये. जठराचा वरचा फुगीर भाग अन्न आले की सैल होतो आणि आतला दाब वाढू देत नाही. नळीच्या शस्त्रक्रियेत नेमका हाच भाग जातो. म्हणून दोन घास जास्त झाले तरी दाब वाढतो, दुखते आणि उलटी होते. 'आणखी एक घास, माझ्यासाठी' हा आपला आग्रह येथे धोक्याचा ठरू शकतो.

हलके अन्न म्हणजे काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधणारी एक विलक्षण निरीक्षणे दोनशे वर्षांपूर्वी झाली. ६ जून १८२२ रोजी अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाला बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण जठराला बाहेरून पडलेले भोक बुजले नाही. विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरने रेशमी दोऱ्याला अन्नाचे तुकडे बांधून ते त्या भोकातून आत सोडले आणि ठरावीक वेळाने बाहेर काढून पाहिले. १८३३ साली त्याने निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याच्या तक्त्यात शिजवलेल्या भाताला १ तास, तर भाजलेल्या चरबीयुक्त डुकराच्या मांसाला सव्वापाच तास लागल्याची नोंद आहे.

भात मऊ असतो, त्यात चरबी आणि तंतू कमी असतात. जठर दळण्याचे काम करते. ते काम पातेल्यात आणि तोंडात आधीच झाले असेल, तर जठराला ते करावे लागत नाही.

हे वर्गात दाखवता येते. दोन वाट्यांत सारखी घट्ट, कोमट पेज घ्या. एका वाटीत एखाद्या विद्यार्थ्याची चमचाभर लाळ मिसळा, दुसरीत तेवढेच पाणी. दहा मिनिटांनी पाहा. लाळेची पेज पातळ झालेली दिसेल, कारण लाळेतील विकर पिष्टाचे लांब रेणू तोडते. पेज गरम मात्र नको, उष्णतेने विकर निकामी होते. 'घास सावकाश, वीस-पंचवीस वेळा चावून खा' या डॉक्टरांच्या सूचनेमागचे एक कारण मुलांना येथे डोळ्यांनी दिसते.

पायरीपायरीने

पहिले एक-दोन दिवस पाणी, गाळलेले डाळीचे पाणी अशी नितळ द्रवे, तीही घोटाघोटाने. मग साधारण दोन आठवडे दूध, ताक यांसारखी दाट द्रवे. त्यानंतर घोटलेले वरण, कुस्करलेले अंडे, मऊ पनीर. पुढे मऊ शिजवलेला भात, भाजी, काटे काढलेला मासा. सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचे जेवण, पण थोडे थोडे. नेमका काळ शस्त्रक्रियेच्या प्रकारावर अवलंबून असतो आणि तो डॉक्टरच ठरवतात. जेवताना आणि जेवणानंतर अर्धा तास पाणी पीत नाहीत. एरवी दिवसभरात दीड लिटरपर्यंत पाणी घोटघोट पोटात गेले पाहिजे.

साखरेचे सरबत द्रवच आहे, मग ते का नको? बटाट्याची एक चकती साध्या पाण्यात आणि दुसरी दाट साखरपाण्यात ठेवा. तासाभराने दुसरी लिबलिबीत होते, कारण परासरणाने तिच्यातील पाणी साखरेकडे ओढले जाते. जठराच्या शेवटी असलेले दार एरवी अन्न थोडे थोडे पुढे सोडते. आतडे जोडलेल्या शस्त्रक्रियेत ते वगळले जाते. मग साखर एकदम आतड्यात पोहोचते आणि रक्तातील पाणी आतड्यात ओढून घेते. घाम, धडधड, पोटात कळ, जुलाब ही त्याची लक्षणे आहेत.

वाटीचा हिशेब

आता पेजेकडे परत येऊ. रुग्णाला दररोज किमान ६० ग्रॅम प्रथिने लागतात. ती कमी पडली, तर शरीर चरबीबरोबर स्नायूही खर्च करते आणि जखम भरायला वेळ लागतो. पातळ पेजेच्या एका वाटीत सुमारे १० ग्रॅम तांदूळ असतो. त्यात प्रथिने जेमतेम ०.७ ग्रॅम. म्हणजे ६० ग्रॅमसाठी ऐंशीहून अधिक वाट्या!

उलट मऊ अन्नाच्या टप्प्यावर हा हिशेब पाहा: ३० ग्रॅम मूगडाळीचे वरण ७, दोन अंडी १२, ४०० मिलिलिटर दूध १३, दीडशे ग्रॅम दही ५, ७५ ग्रॅम मासा १४ आणि ५० ग्रॅम पनीर ९. बेरीज ६० ग्रॅम. हे सहा-सात वेळांत विभागून घ्यायचे. पहिल्या आठवड्यांत एवढे जात नाही, म्हणून डॉक्टर प्रथिनांची पूड देतात. या भागातील तलावांचे ताजे मासे येथे उपयोगी पडतात. लाखोळीच्या डाळीतही प्रथिने भरपूर असतात, पण ती महिनोन्‌महिने मुख्य अन्न झाली तर पाय लुळे पडण्याचा विकार होऊ शकतो. मोजकेच पदार्थ खाणाऱ्याने मूग किंवा तूर निवडावी.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. जावा बेटावर क्रिस्तियान आइकमन यांना दिसले, की सडलेल्या पांढऱ्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्या लुळ्या पडतात आणि कोंड्यासह तांदूळ दिला की बऱ्या होतात. पुढे कोंड्यातील तो घटक म्हणजे ब१ जीवनसत्त्व, थायमिन, हे उमगले. १९२९ साली आइकमन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. शरीरातील थायमिनचा साठा दोन-तीन आठवडेच पुरतो. शस्त्रक्रियेनंतर वारंवार उलट्या होत असतील आणि पोटात फक्त पांढऱ्या तांदळाची पेज किंवा साखरपाणी जात असेल, तर हा साठा संपतो. साखर वापरायलाही थायमिन लागते, त्यामुळे नुसती साखर देणे अधिकच घातक. तोल जाणे, एकाचे दोन दिसणे, बोलण्यात गोंधळ ही मेंदूवर परिणाम होत असल्याची चिन्हे आहेत. उलट्या थांबत नसतील तर ही चिन्हे दिसण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. 'अशक्तपणा असेल, पेज द्या' म्हणून घालवलेले दिवस भरून काढता येत नाहीत. डॉक्टरांनी दिलेली जीवनसत्त्वांची गोळी याच कारणाने चुकवायची नसते.

पेज टाकून द्यावी, असा याचा अर्थ नाही. भात शिजवून वरचे पाणी ओतून टाकले, तर पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे जातात. पेजेत ती राहतात. उकडा तांदूळ वापरला तर आणखी चांगले, कारण धान उकडताना कोंड्यातील थायमिनचा काही भाग दाण्यात शिरतो. अशा पेजेत घोटलेली मूगडाळ किंवा दूध घातले, तर तिचा हलकेपणा राहतो आणि तिची उणीवही बरीचशी भरून निघते.

मुलांना एक गृहपाठ द्यावा. घरातील आजाऱ्याला काय देतात हे विचारून यावे, त्यातील प्रथिनांचा हिशेब मांडावा आणि त्यात काय मिसळता येईल ते आजीबरोबर बसून ठरवावे. आजीला पेज का पचते हे अनुभवाने ठाऊक असते. तिच्यात काय कमी पडते, एवढीच भर आपण घालायची आहे.