ओसाका ते क्योटो : वेगापलीकडचा हिशेब

ओसाका :

ओसाका ते क्योटो हे अंतर रेल्वेने जेमतेम 43 किलोमीटर, म्हणजे साधारण दादर ते कल्याण एवढं. या अंतरासाठी इथल्या माणसापुढे चार पर्याय असतात: जेआरची ‘शिनकाइसोकु’ ही जलद गाडी, हांक्यू आणि केइहान या दोन खासगी कंपन्यांच्या गाड्या, आणि शिंकान्सेन. भारतातून आलेला पाहुणा हमखास विचारतो, “सगळ्यात लवकर कोणती पोचते?” इथला माणूस आधी विचारतो, “क्योटोत जायचं कुठे आहे?” या भागात राहायला लागल्यापासून मलाही हाच प्रश्न जास्त शहाणपणाचा वाटू लागला आहे.

नुसत्या वेळेचं उत्तर सोपं आहे. शिंकान्सेन पंधरा मिनिटांत पोचवते. पण ती शिन-ओसाकाहून सुटते, तिथवर जाण्यात वाचलेला वेळ निघून जातो आणि भाडं दीड हजार येनच्या घरात पडतं. शिनकाइसोकु ताशी 130 किलोमीटरपर्यंत वेग घेते आणि अर्ध्या तासात क्योटोला लागते; भाडं सुमारे सहाशे येन. हांक्यूची जलद गाडी ओसाकातल्या उमेदाहून पाऊण तासात नेते, चारशे येनच्या आसपास. केइहानला ओसाकातल्याच योदोयाबाशीहून पन्नासेक मिनिटं लागतात आणि भाडं चारशे ते पाचशेच्या दरम्यान.

मग शिनकाइसोकु सोडून लोक इतर गाड्यांनी का जातात? त्याचं उत्तर इतिहासात आहे. 1877 मध्ये आज जेआर धावते त्या मार्गावर सरकारी रेल्वे सुरू झाली, तेव्हा क्योटोचं स्टेशन जुन्या शहराच्या दक्षिण टोकाला बांधलं गेलं. 1910 मध्ये आलेल्या केइहानने योदो नदीच्या दुसऱ्या तीराने, जुन्या क्योकाइदो रस्त्यालगतची गावं जोडत आपला मार्ग नेला. म्हणून तिचा रूळ इतका वळणावळणाचा आहे. आजच्या हांक्यूचा मार्ग 1928 मध्ये क्योटोच्या वेशीवर आला, 1931 मध्ये जमिनीखालून शहरात शिरला आणि 1963 मध्ये कावारामाची या ऐन बाजारपेठेपर्यंत पोचला. अशा रीतीने खासगी कंपन्यांनी प्रवाशाला कमी पैशात शहराच्या मध्यात नेऊन सोडलं.

त्यामुळे क्योटोच्या गिओन भागात जायचं असेल तर हांक्यूने कावारामाचीला उतरून कामो नदीचा पूल ओलांडावा, किंवा केइहानने थेट गिओन-शिजोला उतरावं. निशिकी बाजार हांक्यूच्या स्टेशनपासून चालत काही मिनिटांवर आहे. क्योटो स्टेशनहून याच ठिकाणी जायला बस किंवा भुयारी रेल्वे धरावी लागते आणि हंगामात बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते. अर्ध्या तासात आलेला प्रवासी मग बसच्या रांगेत आपली वाचलेली पंधरा मिनिटं घालवतो. उलट, तोजी देवळात जायचं असेल किंवा पुढे नाराची गाडी पकडायची असेल, तर शिनकाइसोकुला पर्याय नाही.

केइहानने निवांत वेळी एकदा तरी जावंच. तिच्या काही जलद गाड्यांत एक दुमजली डबा असतो. खालच्या मजल्यावर बसलं की खिडकी जवळपास फलाटाच्या पातळीला येते आणि स्टेशनात लोकांचे बूट, छत्र्यांची टोकं, मुलांची दप्तरं डोळ्यांसमोरून सरकत जातात. त्या बैठकीला जादा भाडं नाही.

वेळेचंही गणित आहे. कामाच्या दिवशी सकाळी साडेसात ते नऊ प्रवास टाळावा. एप्रिलच्या सुरुवातीला चेरी फुलते आणि नोव्हेंबरच्या उत्तरार्धात मोमिजीची, म्हणजे मेपलची, पानं लाल होतात. तेव्हा सकाळी लवकर निघून दुपार कलायच्या आत परतीची गाडी धरावी. 16 आणि 17 जुलैला गिओन उत्सवाची गर्दी कावारामाची आणि गिओन-शिजो या दोन्ही स्टेशनांवर उसळते. त्या दोन दिवशी क्योटो स्टेशनला उतरून भुयारी रेल्वेने जाणं बरं. आणि मध्यरात्रीच्या सुमारास सगळ्याच गाड्या बंद होतात, हे विसरू नये.

या स्पर्धेने प्रवाशाचं भलं केलं, पण मिनिटांच्या चढाओढीची किंमतही याच भागाने मोजली आहे. 25 एप्रिल 2005 रोजी आमागासाकीजवळ जेआरची गाडी वळणावर रुळांवरून घसरून एका इमारतीवर आदळली आणि 107 जणांचा जीव गेला. गाडी सुमारे दीड मिनिट उशिराने धावत होती. ताशी 70 किलोमीटरची मर्यादा असलेल्या वळणात ती 116 च्या वेगाने शिरली. जिथे जेआर आणि हांक्यू प्रवाशांसाठी झुंजत होत्या, असाच तो पट्टा होता. वेळापत्रकात उशीर भरून काढायला सवडच ठेवलेली नव्हती, ही गोष्ट तेव्हा सगळ्या जपानने ऐकली. नंतर ते वेळापत्रक सैल करण्यात आलं. अलीकडची चढाओढ आसनांची आहे: केइहानने 2017 मध्ये, जेआरने 2019 मध्ये आणि हांक्यूने 2024 मध्ये जादा पैसे घेऊन आरामशीर बैठकीची सोय दिली. मला हा बदल मनापासून स्वागतार्ह वाटतो.

आमागासाकीच्या त्या अपघातानंतर जवळपास दोन महिने तो मार्ग बंद होता. त्या काळात जेआरच्या प्रवाशांना प्रतिस्पर्धी हांक्यूनेच वाहून नेलं. इथे याची रीतसर पद्धत आहे, तिला ‘फुरिकाए’ म्हणतात. एका कंपनीची गाडी बंद पडली आणि ही सोय जाहीर झाली, की तिचा पास किंवा कागदी तिकीट असलेला प्रवासी दुसऱ्या कंपनीच्या गाडीने जादा भाडं न देता जाऊ शकतो. कार्डात पैसे भरून प्रवास करणाऱ्याला मात्र ही सवलत नसते, म्हणून वादळाचा अंदाज असेल त्या दिवशी कागदी तिकीट काढलेलं बरं.

जपानकडून आपण मुंबई–अहमदाबाद मार्गासाठी शिंकान्सेनचं तंत्र घेत आहोत. वेग जरूर घ्यावा. पण दोन शहरांमधला प्रवास भरवशाचा होतो तो एकाहून अधिक वाटा असल्यामुळे, त्या शहराच्या मध्यात उतरवत असल्यामुळे आणि अडचणीच्या वेळी एकमेकींचे प्रवासी सांभाळत असल्यामुळे. मुंबई–पुण्याच्या रेल्वे आणि एसटी यांच्यात असा करार व्हायला नवं तंत्र लागत नाही. पावसाळ्यात घाटात दरड कोसळली, की रेल्वेचं तिकीट एसटीत चालावं, एवढीच सुरुवात पुरेशी आहे.