भोसे गावचा वड

सांगली जिल्ह्यातील मिरज तालुक्यात, भोसे गावी, यल्लम्मा देवीच्या मंदिराजवळ एक वटवृक्ष होता. वय सुमारे 400 वर्षे आणि विस्तारही जवळजवळ 400 चौरस मीटरचा. 2020 साली रत्नागिरी–नागपूर महामार्गाच्या कामात तो आड आला आणि त्याच्यावर कुऱ्हाड पडण्याची वेळ आली. महामारीचे दिवस असूनही ग्रामस्थ व वृक्षप्रेमी त्याच्या रक्षणासाठी एकत्र आले. तत्कालीन पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांना विनंती केली आणि रस्त्याची आखणी बदलली. एका झाडासाठी महामार्गाने बाजूला सरावे, असे आपल्याकडे क्वचितच घडते.

भगवान ऋषभदेवांना केवलज्ञान झाले ते वटवृक्षाखालीच. वनस्पतीला एकेंद्रिय जीव मानणाऱ्या आपल्या समाजाला भोसेकरांचा हा आग्रह परका वाटू नये.

पुढे जून 2022 मध्ये वादळी पावसात तो वड उन्मळून पडला. मग सारी धडपड व्यर्थ गेली काय? तसे म्हणवत नाही. कुऱ्हाडीने मरणे निराळे, आयुष्य सरून पडणे निराळे. मधली दोन वर्षे त्याच्या पारंब्यांखाली वाटसरूंना सावली मिळाली, पाखरांना फळे मिळाली.