ठसठशीत आणि सडपातळ : मथळ्याच्या अक्षराची कुळकथा

सकाळी वर्तमानपत्र घरात येते तेव्हा ते वाचले जाण्यापूर्वी पाहिले जाते. आजोबा चष्मा शोधीत असतात, सूनबाई चहाचे आधण ठेवीत असतात, मुले दप्तर भरीत असतात. तरीही जाता येता प्रत्येकाची दृष्टी मथळ्यावर पडते आणि बातमीचे गांभीर्य त्या काळ्याभोर अक्षरांवरूनच मनात ठसते. मजकुराची आपण चिकित्सा करितो. अक्षराची कोणीच करीत नाही. ज्याच्यावर नकळत इतका विश्वास टाकावयाचा, त्याचे कुळ एकदा तरी विचारावे, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहे.

उदाहरणादाखल ‘चेल्टनहॅम’ हे रोमन मुद्राक्षर घेऊ. न्यूयॉर्क येथील चेल्टनहॅम प्रेसचे इंगल्स किंबॉल ह्यांच्यासाठी बर्ट्रम गुडह्यू ह्यांनी १८९६ च्या सुमारास ते रेखिले. गुडह्यू व्यवसायाने वास्तुशिल्पज्ञ. नेब्रास्का राज्याच्या विधानभवनाचा आराखडा त्यांचाच. इंग्रजी वाचताना डोळा अक्षराच्या वरच्या भागावर अधिक विसंबतो, हे त्यांनी ध्यानी घेतले होते. वाचकांनी स्वतः प्रयोग करून पाहावा. इंग्रजी ओळीचा खालचा अर्धा भाग कागदाने झाकला तरी ओळ बहुधा वाचता येते; वरचा अर्धा झाकला की मनुष्य अडखळतो. म्हणून गुडह्यूंनी वर जाणाऱ्या रेघा लांब आणि खाली उतरणाऱ्या आखूड ठेविल्या. रेघांच्या टोकांशी जे लहानसे पाय असतात, ज्यांस सेरिफ म्हणतात, तेही आखूड व बळकट केले.

पुढे अमेरिकन टाइप फाउंडर्स ह्या कंपनीने हे अक्षर घेतले आणि तेथील कुशल रेखक मॉरिस फुलर बेंटन ह्यांनी १९०४ पासून त्याचा विस्तार आरंभिला. ठळक, रुंद, अरुंद, तिरपे अशी वीसच्या आसपास भावंडे निर्माण झाली. चेहरेपट्टी एक, पण प्रत्येकाचे काम वेगळे. जणू एखादे नांदते एकत्र कुटुंबच! त्यांतील ठळक आणि अरुंद भावंडाच्या वाट्यास मथळ्याचे काम आले.

अरुंदच का, ह्याचे कारण सरळ आहे. वर्तमानपत्राचा रकाना जेमतेम दोन इंचांचा. समजा, रुंद अक्षरे त्यात दहा मावतात आणि त्याच उंचीची अरुंद अक्षरे पंधरा. तर त्या पाच अक्षरांत एक जास्तीचा शब्द बसतो. पुष्कळदा ‘ठार’ आणि ‘ठार झाल्याची वार्ता’ ह्यांतला भेद अशा एक-दोन शब्दांवर अवलंबून असतो. जागा वाचविणारे अक्षर अशा रीतीने सत्यासही जागा करून देते.

मात्र रुंद अक्षर दोन्ही बाजूंनी दाबले म्हणजे अरुंद अक्षर झाले, असे नव्हे. तसे केल्यास उभ्या रेघा कृश होतात आणि आडव्या तेवढ्याच जाड राहतात. जाणता रेखक उभ्या रेघांस बळ देतो, आडव्या रेघा हलक्या ठेवितो आणि अक्षराच्या पोटातील पांढरी जागा जपतो. ती जागा बुजली की राहतो तो केवळ शाईचा डाग.

‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या मथळ्यांत चेल्टनहॅमबरोबर इतर कुळांतील अक्षरेही दीर्घकाळ नांदत होती. ऑक्टोबर २००३ मध्ये त्यांस निरोप मिळाला आणि मॅथ्यू कार्टर ह्यांनी नव्याने रेखिलेल्या चेल्टनहॅमच्या भावंडांकडे ते काम आले. मोठी वार्ता ठळक अक्षरात आणि सौम्य वार्ता हलक्या अक्षरात यावी, पण बोलणारा एकाच घरचा आहे हे ओळखू यावे, अशी ती व्यवस्था.

ह्याच कार्टर ह्यांनी आपल्या देवनागरीचीही मुद्राक्षरे रेखिली आहेत. देवनागरीची प्रकृती निराळी. आपली अक्षरे शिरोरेषेस लोंबतात. ‘व’ आणि ‘ब’, ‘प’ आणि ‘ष’ ह्यांतील भेद पोटातल्या एका रेघेचा. ‘घ’ आणि ‘ध’ ह्यांतील भेद डोक्याशी असलेल्या लहानशा वळणाचा. अक्षर जाड करून दाबले की प्रथम नेमके हेच भेद नाहीसे होतात. पूर्वी धातूचा खिळा जुळाऱ्याच्या हातून दाबला जात नसे, त्यामुळे त्याची मर्यादा आपोआप पाळली जाई. आज संगणकावर कोणीही क्षणार्धात अक्षर चेपतो, आणि रस्त्यावरील फलकांवर, किंबहुना लग्नपत्रिकेवरही, कुलनामे गुदमरलेली दिसतात.

घरात वडील माणसाने आवाज चढविला की सर्व स्तब्ध होतात, कारण तो आवाज रोज चढत नाही. ठळक मथळ्याचेही तसेच आहे. क्षुल्लक वार्तेस रोज तेच काळेभोर अक्षर दिले, तर खऱ्या संकटाच्या दिवशी वाचकाचे लक्ष वेधण्यास संपादकाजवळ काय उरणार? मोठ्या अक्षरात लहान गोष्ट सांगणे हाही असत्याचाच एक प्रकार होय. म्हणून मुलांस वर्तमानपत्र वाचावयास शिकविताना मथळा केवढा आहे हे दाखवून थांबू नये. त्याखालील मजकूर तेवढ्या आवाजास पात्र आहे काय, हेही त्यांस विचारावे.