गाडी स्वतः ब्रेक मारते म्हणे, पण उसाची ट्रॉली तिला ओळखू येते का?

शिरूर/दौंड : गळीत हंगाम सुरू झाला की न्हावरे-चौफुला रस्त्यावर अंधार पडल्यावर उसाच्या ट्रॉल्या लागतात. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर चिखलाने झाकलेला. आता याच रस्त्यावर ‘आपोआप ब्रेक मारणाऱ्या’ गाड्या धावू लागल्यात. विकणारा सांगतो, समोर काही आलं की गाडी स्वतः थांबते. हे खरं आहे, पण अर्धंच.

या सोयीला ‘अडास’ म्हणतात. २०२१ मध्ये आलेल्या महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० मध्ये ती होती, आणि ही गाडी आपल्या शेजारी चाकणलाच बनली. नंतर इतर कंपन्यांनीही दिली. पुढच्या काचेमागे कॅमेरा आणि गाडीच्या तोंडाला रडार असतं. कार, मोटारसायकल, माणूस कसा दिसतो हे कॅमेऱ्याच्या संगणकाला ढीगभर चित्रं दाखवून शिकवलेलं असतं. मागून पाहिलेली उसाची ट्रॉली यातल्या कशासारखीच दिसत नाही. अंधारात तो नुसता पाचटाचा ढिगारा.

मग रडार कशाला आहे? रडारला लोखंड चांगलं कळतं. पण पुलाचा कठडा, पाटीचा खांब दिसला की दर वेळी ब्रेक लागायला नको, म्हणून वेगात असताना बऱ्याच गाड्यांची यंत्रणा उभ्या वस्तूंकडे काणाडोळा करते. आणि आपल्याकडे पंक्चर झालेली ट्रॉली चाकाला दगड लावून डांबरावरच उभी असते!

हे नुसतं तर्काचं बोलणं नाही. मे २०१६ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडात ऑटोपायलटवर चाललेल्या टेस्लासमोर पांढरा ट्रेलर आडवा आला. मागे उजळ आकाश होतं. ब्रेक लागलाच नाही, चालक जागीच गेला. मार्च २०१८ मध्ये ॲरिझोनात उबरच्या चाचणीच्या गाडीने रात्री सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या बाईला उडवलं. संगणक तिला कधी गाडी, कधी सायकल, कधी अनोळखी वस्तू समजत राहिला. देखरेखीला बसलेल्या चालकाची नजर मोबाईलवर होती.

भारतात चालकाशिवाय गाड्या येऊ देणार नाही, चालकांच्या नोकऱ्या जातील, असं केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी वेळोवेळी सांगितलंय. म्हणजे स्टिअरिंगवर हात आणि रस्त्यावर डोळे आपलेच. अडास लावून मोबाईल बघणाऱ्याने हे ध्यानात घ्यावं.

जुनी गाडी घेताना

दुसरी भानगड इंटरनेटची. नव्या गाड्यांत सिमकार्ड असतं. मोबाईलवरून गाडी कुठे आहे ते कळतं, काहींचे दरवाजेही उघडतात. मग हे दुसऱ्याला जमणार नाही का? जुलै २०१५ मध्ये अमेरिकेत दोन तज्ज्ञांनी घरात बसून हायवेवरच्या जीपचं इंजिन आणि चाकं यांचा संबंध तोडून दाखवला. गाडीत बसलेल्या पत्रकाराला काही करता येईना. कंपनीला १४ लाख गाड्यांची दुरुस्ती काढावी लागली.

आपल्याकडे एवढं हुशार कोणी लागत नाही. पुण्याहून जुनी गाडी आणली, आरसी बुक नावावर झालं, पण पहिल्या मालकाच्या मोबाईलमधलं ॲप तसंच चालू राहिलं, तर गाडी रात्री कुठल्या गोठ्यापुढे उभी आहे हे त्याला घरबसल्या दिसू शकतं. म्हणून व्यवहार करतानाच त्याचं खातं त्याच्यासमोर काढायला लावा, स्क्रीनमधून ‘फॅक्टरी रीसेट’ करा आणि शोरूममध्ये आपल्या नंबरची नोंद करून घ्या. गाडी विकणाऱ्यानेही स्क्रीनमधले आपले फोन नंबर आणि घरचा पत्ता पुसावा.

ट्रॉलीवाल्यांनी मागच्या फाळक्याला रुंद लाल रिफ्लेक्टर पट्टी लावावी, रोज फडक्याने पुसावी आणि ऊस तिच्यावर लोंबू देऊ नये. लाल फडकं रात्री ना माणसाला दिसतं, ना कॅमेऱ्याला. गाडीवाल्यांनी आरशामागची काच, जिथे कॅमेरा आहे, तेवढी तरी स्वच्छ ठेवावी. धुळीच्या रस्त्याने आल्यावर ती पुसून घ्यावी.