छत्रपतींची दोन तळी

पाचाडला मुक्काम करणाऱ्या मंडळींचा बेत बहुधा ठरलेला असतो. सकाळी रायगड, खाली उतरल्यावर पिठलं-भाकरी, मग महाड आणि पोलादपूर मागे टाकत आंबेनळी घाट, आणि दिवेलागणीला महाबळेश्वर. एका दिवसात दोन डोंगर आणि दोन तळी पदरात पडतात : गडावरचा गंगासागर आणि महाबळेश्वरचा वेण्णा तलाव. रात्री फोनवरचे फोटो चाळताना ‘कुठलं तळं जास्त देखणं?’ हा प्रश्न निघाला, की वेण्णा हमखास जिंकतो. तिथे नाव असते, घोडा असतो, भाजलेलं कणीस असतं. गंगासागराच्या वाट्याला येतो तो मागे मनोरे धरून घाईत काढलेला एखादा सेल्फी. हा निकाल मला साफ नामंजूर आहे. मात्र वेण्णाला कमी लेखण्याचाही माझा इरादा नाही, कारण या दोन तळ्यांचं नातं लोकांना वाटतं त्याहून फार जवळचं आहे.

पहिली गोष्ट म्हणजे दोन्ही तळी माणसाने केलेली आहेत. निसर्गाने सह्याद्रीला डोंगर दिले, नद्या दिल्या, धबधबे तर मोजता येणार नाहीत इतके दिले. पण हिमालयात असतात तशी आपसूक घडलेली सरोवरं इथे जवळजवळ नाहीत. इथे उंचावर पाणी थांबलेलं दिसलं, की कुणीतरी ते थांबवलेलं असतं. दुसरी गोष्ट म्हणजे ही दोन्ही तळी एकाच घराण्याची. गंगासागर थोरल्या महाराजांच्या राजधानीचा, आणि वेण्णा १८४२ मध्ये साताऱ्याच्या गादीवरच्या शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराजांनी बांधलेला. मधे एकशे सत्तर वर्षांच्या आसपासचा काळ गेला. दोन्हींचं सौंदर्य ताडायचं तर हा मधला काळही हिशेबात धरावा लागतो.

रायगडाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर. चहूबाजूंनी तुटलेले कडे, खाली काळ आणि गांधारी या नद्यांची खोरी, आणि माथ्यावर एकही वाहता झरा नाही. १६५६ मध्ये चंद्रराव मोऱ्यांकडून रायरी, म्हणजे हाच गड, हाती आली, पुढे ती राजधानी झाली. तेव्हा बांधकाम पाहणाऱ्या हिरोजी इंदुलकरांपुढचा खरा प्रश्न तट-बुरुजांचा नसून पाण्याचा असणार. राजवाडा, कचेऱ्या, बाजारपेठ, शिबंदी, जनावरं या सगळ्यांची तहान चार महिन्यांच्या पावसावर बारा महिने भागवायची होती. म्हणून गडभर पाणी साठवलेलं दिसतं. गंगासागर, हत्ती तलाव, कुशावर्त, कोळिंब, काळा हौद, भवानी टोकाकडची बारा टाकी. जगदीश्वराच्या देवळातल्या शिलालेखात गडावरच्या बांधकामांची नावं घेताना विहिरी आणि तळ्यांचाही आवर्जून उल्लेख आहे. करणाऱ्याला त्याचा अभिमान होता, हे उघड आहे.

गंगासागर पाहायचा तर पायऱ्यांनी चढावं, असं माझं ठाम मत आहे. हिरकणीवाडीतून सुटणारा रोपवे १९९६ पासून सुरू आहे आणि वयस्कर माणसांसाठी तो वरदानच ठरला. पण तो तुम्हाला मेणा दरवाजाच्या बाजूला, थेट राण्यांच्या महालांपाशी नेऊन सोडतो. मग तळं पाठीमागून दिसतं, तेही जाता जाता. चित दरवाजाकडून हजाराहून जास्त पायऱ्या चढून महादरवाजातून आत शिरलात, की आधी लागतो हत्ती तलाव. मोठा, खोल आणि कित्येक वर्षं बहुतेक काळ कोरडा. त्याला गळती होती. अलीकडे रायगड प्राधिकरणाने ती बुजवण्याचं काम हाती घेतलं आणि २०२०च्या पावसाळ्यात तो भरलेला पाहून गडाची वारी करणाऱ्या जुन्या लोकांनाही नवल वाटलं. हत्ती तलाव ओलांडून थोडं वर गेलात की गंगासागर समोर येतो. आधी वर्षानुवर्षं कोरडं राहिलेलं तळं आणि मग भरलेलं, हा क्रम डोळ्यांत ठसतो. डोंगराच्या माथ्यावर पाणी टिकवणं ही काय करामत आहे, ते इथे न सांगता कळतं.

हत्तींवरून आठवलं. १६७४च्या मे महिन्यात इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन रायगडाकडे आला. महाराज प्रतापगडाच्या भवानीच्या दर्शनाला गेलेले असल्याने त्याला खाली पाचाडला थांबावं लागलं. पुढे राज्याभिषेकाच्या दिवशी राजवाड्याच्या दाराशी हत्ती उभे पाहून, एवढ्या अवघड वाटेने हे वर चढले तरी कसे, असा त्याला प्रश्न पडला. तो त्याने नोंदवूनही ठेवला. त्याच राज्याभिषेकासाठी आणलेलं तीर्थांचं पाणी या तळ्यात घातलं गेलं आणि त्यावरून गंगासागर हे नाव पडलं, असं परंपरा सांगते.

आता सौंदर्य. गंगासागराचं सगळं रूप त्याच्या काठावरच्या दोन मनोऱ्यांवर तोललेलं आहे. बारा कोनांचे, कमानींचे आणि झरोक्यांचे हे मनोरे एकेकाळी याहून उंच होते. मे १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरच्या तोफा पोटल्याच्या डोंगरावरून गडावर आग ओकत होत्या. लाकूडकाम होतं ते सगळं जळलं आणि उरला तो दगड. आज मनोऱ्यांचे वरचे मजले नाहीत, बालेकिल्ल्याच्या भिंतींना छप्पर नाही. पाणी मात्र जसंच्या तसं आहे. वारा पडलेला असला, तर दोन्ही मनोरे पाण्यात उलटे उभे राहतात आणि त्यांच्या कमानींतून खालचंही आभाळ दिसतं. वारा सुटला की क्षणात सगळं मोडतं. काठावर सावलीला झाड शोधावं लागतं, बसायला बाक नाही, रंगांची चैन नाही. काळा कातळ, हिरवट पाणी आणि वर आकाश, एवढ्यावरच हे तळं भागवतं. ज्याला हे उजाड वाटतं, त्याला वाटू द्यावं.

महिना मात्र नीट निवडायला हवा. मे अखेरीस पाणी तळाला जातं, रंग शेवाळी होतो. आणि नेमकी तेव्हाच, सहा जूनच्या आणि तिथीने होणाऱ्या राज्याभिषेक सोहळ्याला, लाखोंची गर्दी गडावर येते. त्या गर्दीचं मोल वेगळं आहे, पण तळं बघायचे ते दिवस नव्हेत. आषाढात धुकं इतकं दाटतं की अलीकडच्या काठावरून पलीकडचा काठ दिसत नाही. भाद्रपद सरता सरता पाऊस ओसरतो, तळं काठोकाठ असतं, उतारांवर सोनकी पिवळी होते, तेरडा गुलाबी होतो आणि हवा धुऊन काढल्यासारखी स्वच्छ असते. लिंगाण्याचा सुळका तर हाताला लागेल असा वाटतो. तेव्हापासून दिवाळीपर्यंतचा महिना-दीड महिना गंगासागराचा.

गड उतरून पाचाडला आलात, की महाबळेश्वरची घाई करू नका. इथे जिजाऊसाहेबांची समाधी आहे आणि वाड्याचे अवशेषही आहेत. गडावरची थंड हवा त्यांना मानवत नव्हती, म्हणून महाराजांनी हा वाडा खाली बांधला. राज्याभिषेक पाहून अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जून १६७४ रोजी त्या इथेच गेल्या. वाड्यातली विहीर ‘तक्क्याची विहीर’ म्हणून ओळखली जाते. काठाशी दगडातच तक्क्यासारखी टेकण्याची जागा घडवलेली आहे आणि जिजाऊ तिथे बसत, असं गावात सांगतात. या माऊलीचा महाबळेश्वरशीही संबंध आहे. ६ जानेवारी १६६५ला, सूर्यग्रहणाच्या पर्वावर, महाराजांनी त्यांची सुवर्णतुला केली ती क्षेत्र महाबळेश्वरच्या देवळात. म्हणजे पाचाड ते महाबळेश्वर ही वाट पर्यटन कंपन्यांनी शोधलेली नाही.

पोलादपूर सुटलं की आंबेनळी घाट सुरू होतो. चाळीसेक किलोमीटरच्या रस्त्यात गाडी कोकणच्या दमटपणातून घाटमाथ्याच्या गारव्यात शिरते. मधे प्रतापगडाचा फाटा. सोबतीला दरीत सावित्री असते. ती महाबळेश्वरात उगम पावते, पोलादपूर-महाडला पाणी पाजते आणि बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. रायगडावर पडलेला पाऊसही काळ आणि गांधारीतून शेवटी तिच्यातच येतो. वेण्णा नदीची तऱ्हा उलटी. ती त्याच महाबळेश्वरात उगम पावून पूर्वेला वळते, लिंगमळ्याला कड्यावरून उडी घेते, कण्हेर धरणात विसावते, माहुलीला कृष्णेला भेटते आणि तिच्यासोबत बंगालच्या उपसागराची वाट धरते. एकाच पठारावर दोन सरी शेजारी शेजारी पडल्या, तरी एक पश्चिमेच्या समुद्राला जाईल आणि दुसरी पूर्वेच्या. गंगासागर आणि वेण्णा ही तळी या पाणलोटाच्या दोन बाजूंना आहेत.

महाबळेश्वरला एवढ्या नद्या उगम का पावतात, याचं उत्तर जमिनीत आहे. पठाराच्या माथ्यावर जांभ्याचा जाड थर आहे. तो सच्छिद्र असल्याने पाऊस पिऊन घेतो. खाली काळा कातळ लागला की मुरलेलं पाणी अडतं आणि बाजूने झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडतं. वर्षाला साधारण साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस आणि खाली असा पाणी धरून ठेवणारा दगड. मग तळं राखायला आणखी काय लागतं? रायगडाला यातला फक्त पाऊसच मिळाला, तोही थांबायला तयार नसलेला. म्हणून गंगासागर खोदावा लागला आणि वेण्णेला नुसता बांध घालून भागलं.

हा बांध घालणाऱ्या आप्पासाहेबांची कथा जरा उदास आहे. त्यांचे थोरले बंधू प्रतापसिंह महाराज. त्यांच्याच कारकिर्दीत, १८२९ मध्ये महाबळेश्वरची जागा इंग्रजांकडे गेली आणि गव्हर्नर जॉन माल्कमच्या नावाने तिथे माल्कम पेठ उभी राहिली. १८३९ मध्ये इंग्रजांनी प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीला धाडलं आणि आप्पासाहेबांना गादीवर बसवलं. तिसऱ्याच वर्षी त्यांनी तळं बांधून घेतलं. १८४८ मध्ये ते वारले आणि डलहौसीच्या सरकारने राज्यच खालसा केलं. राज्य गेलं, तळं राहिलं. सुमारे अठ्ठावीस एकरांच्या या पाण्यावर महाबळेश्वर आणि पाचगणी आजही तहान भागवतात. नावेत बसून फोटो काढणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं, की आपण गावाच्या पिण्याच्या पाण्यावर वल्ही मारतो आहोत?

वेण्णाचं सौंदर्य गंगासागरासारखं एका बिंदूवर तोललेलं नाही, ते आजूबाजूला पसरलेलं आहे. झाडी पाण्यापर्यंत उतरते, पलीकडे टेकड्यांच्या रेघा एकीमागे एक फिक्या होत जातात आणि बघता बघता धुक्याचा पडदा हे सगळं पुसून टाकतो. संध्याकाळी, विशेषतः मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत, पाचगणी रस्त्याकडच्या काठावर जत्रा भरते. घोडे, झोपाळे, स्ट्रॉबेरी-क्रीम, गाड्यांचे हॉर्न. ती जत्रा वाईट आहे असं मी म्हणणार नाही. लहान मुलांना तीच आवडते आणि गावाचं पोट तिच्यावर चालतं. तळं मात्र त्या गर्दीत बिचारं पार्श्वभूमी होऊन बसतं. पावसाळ्यात नौकाविहार बंद पडतो, तळं सांडव्यावरून ओसंडतं, कधी रस्त्यावरही येतं, आणि तेव्हा ते खरं रानातलं तळं वाटतं.

पण वेण्णाचा एक अंक असा आहे, की तिथे गंगासागराने निमूट हार मानावी. डिसेंबर-जानेवारीत, आभाळ निरभ्र आणि वारा थांबलेला असला की जमिनीची ऊब रात्रीत निसटून जाते आणि जड झालेली थंड हवा उतरत उतरत तळ्याच्या सखल भागात साचते. गावात बरी थंडी असते, तेव्हा इथे पारा शून्याजवळ गेलेला असतो. पहाटे धक्क्याच्या फळ्यांवर, गाड्यांच्या टपांवर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर दव गोठून पांढरं झालेलं दिसतं. कोकणाच्या सरहद्दीवर असं दृश्य दुसरीकडे शोधून सापडणार नाही. ऊन वर आलं की तासाभरात सगळं संपतं. तोवर हौशी पर्यटक हॉटेलात चहाची वाट पाहत असतो.

या देखण्या डोंगरांची दुसरी बाजू महाड-पोलादपूरच्या माणसाला विसरता येत नाही. २२ जुलै २०२१च्या सुमारास महाबळेश्वरात चोवीस तासांत जवळपास सहाशे मिलिमीटर पाऊस कोसळला. सावित्रीला पूर येऊन महाड बुडालं, तळीये गावावर दरड आली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यातल्या वाड्यांवरही दरडी कोसळल्या. वेण्णा ज्या पावसाने भरतो, त्याचाच वाटा घाटाच्या या बाजूला असा उतरतो. २००१ पासून महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनक्षम म्हणून जाहीर झालेला आहे, आणि जुलै २०२५ मध्ये रायगड आणि प्रतापगड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. दोन्हीमुळे गर्दी आणि बांधकामं यांवर काही वचक बसला तर बरंच आहे.

तर माझा निकाल असा. जानेवारीच्या पहाटेपुरता वेण्णा सरस. उरलेल्या वर्षात, आणि त्यातही आश्विनात, गंगासागर. एकाच दिवसात दोन्ही उरकायचा हट्ट सोडा. एक रात्र पाचाडला काढा, उजाडता उजाडता चित दरवाजाशी हजर व्हा, ऊन चढायच्या आत तळ्यावर पोहोचा. महाबळेश्वरला वेगळी थंडी गाठून जा. गंगासागराच्या काठावर पाण्याची रिकामी बाटली टाकू नका, ती परत खाली आणा. आणि जून ते सप्टेंबरमध्ये निघणार असाल, तर आंबेनळी घाट चालू आहे का, याची पोलादपूरला चौकशी केल्याशिवाय गाडी पुढे घालू नका.